सातव्या बंदराचा चौथा भाग

मावशीने वयाच्या साठीत दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. नवरदेव घड्याळं दुरुस्त करणारा होता, बोलायला गोड होता, आणि त्याच्याबद्दल घरातल्या प्रत्येकाच्या मनात काही ना काही होतं. मावसभावांना वाटत होतं की त्याचा डोळा फ्लॅटवर आहे. भावजयीला वाटत होतं की त्याचं आधीचं एखादं लग्न अजून कुठेतरी चालूच असेल. एकटे बाबा म्हणाले, "चांगला दिसतो माणूस. नखं स्वच्छ आहेत." त्यांच्या मुलीने तेव्हा त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं होतं. सगळे नावं ठेवत असताना जो एकटाच कौतुक करतो, त्याच्या खिशात काय आहे ते आधी बघावं, हे तिला नोकरीने शिकवलं होतं, आणि ती नोकरी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नव्हती.

ती मतं तपासायची. नेटवर गेम विकणारं एक मोठं दुकान होतं, त्याचं हे काम. प्रत्येक गेमखाली खेळणारे आपलं मत लिहीत, आणि लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी त्याने तो गेम किती तास चालवला हे आपोआप दिसे. गेम बनवणारे पैसे चारून कौतुक लिहून घेत, त्यांच्यावर जळणारे पैसे चारून शिव्या लिहून घेत, आणि या दोघांच्याही वरची म्हणजे, मागे माणूसच नसलेली, आपली आपण लिहीत सुटणारी खाती असत. त्यांना सगळे बॉट म्हणत. यातलं खरं कुठलं नि खोटं कुठलं ते निवडायला तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक हॉलमध्ये माणसं बसवली होती. हॉलमध्ये बारा महिने गारठा असे, बायका खुर्चीच्या पाठीला शाली अडकवून ठेवत. तिला तिथे चाळणी म्हणत. तिच्या हातून खडा सुटत नाही असं मॅडम एकदा मीटिंगमध्ये बोलून गेल्या, तेव्हापासून. नाव ऐकून ती हसायची. पण घरी पीठ चाळताना तिच्या मनात येई, की चाळणीत उरलेलं फेकतात, आणि धान्य चाळलं तर उरलेलंच ठेवतात. यातलं आपण काय करतोय हे चाळणीला कुठे कळतं.

तिच्या वाट्याला 'सातवं बंदर' आलं होतं. चार भागांची मालिका. एक जुनं जहाज ताऱ्यांमधून निघालेलं, पोटात हजारो माणसं गोठवून झोपवलेली, आणि खेळणारा त्या जहाजावरचा जागा असलेला माणूस. त्याने सैनिक व्हायचं, व्यापारी व्हायचं की यंत्रं सांभाळायची, कुणाला वाचवायचं, कुणाला मागे टाकून पुढे निघायचं, हे तो ठरवणार, आणि पहिल्या भागात केलेलं चौथ्या भागापर्यंत त्याच्या मागे येणार. तिने त्यातला एकही भाग खेळला नव्हता. पण मतं इतकी वाचली होती की त्या जहाजाचे जिने तिला आपल्या इमारतीच्या जिन्यांसारखे पाठ झाले होते. पहिल्या भागावर सगळे जीव टाकत. "पहिला भाग आईच्या हातचा, दुसरा हॉटेलातला, तिसरा डब्यात दोन दिवस राहिलेला," असं एकाने लिहिलं होतं, आणि त्याखाली पोरांनी आपापल्या आयांवरून एकमेकांची उणीदुणी काढली होती. तिसऱ्याच्या शेवटी, तुम्ही कितीही जणांना वाचवलेलं असो, बंदर बंदच निघतं. त्यावरून लोक इतके चिडले होते की जणू कुणी त्यांना लग्नाला बोलावून मांडवातून हाकललं होतं. आणि चौथा भाग कुणालाच आवडला नव्हता. त्यात लढाई नव्हती. जहाज बंदराबाहेर उभं, आत सगळे झोपलेले, आणि खेळणाऱ्याने फक्त आतली ऊब सांभाळायची. "चौथा भाग घेतला आणि बायकोशी बोलायला लागलो, एवढाच फायदा," असं एकजण म्हणत होता. हे मत तिने खरं म्हणून पुढे पाठवलं होतं. असं खोटं लिहायला कुणी पैसे देत नाही.

म्हणूनच 'जागल्या' नावाच्या त्या खात्यावर तिचं बोट थांबलं होतं. जागल्याला चौथा भाग आवडला होता. नुसता आवडला नव्हता, त्याने त्यावर पुन्हा पुन्हा येऊन लिहिलं होतं. वाक्यं सगळी एकाच मापाची, विटा रचल्यासारखी. चारही भागांत त्याने एकदाही बंदूक उचलली नव्हती. आणि तास असे, की त्याचा खेळ दिवसरात्र चालूच असायचा. माणूस झोपतो, जेवतो, भांडतो, संडासला जातो. हा यातलं काहीच करताना दिसत नव्हता. एकटा कौतुक करणारा, न झोपणारा, एका सुरात बोलणारा. तिने चहाचा घोट घेता घेता ते खातं बंद करून टाकलं, आणि 'माणूस नाही' हा शेरा ठोकला, आणि पुढच्या मताकडे वळली. त्या सकाळी तिला उलट बरं वाटलं होतं, हे तिला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

बंद झालेल्याने अर्ज केला तर तो दुसऱ्या तपासनिसाकडे जाई. जागल्याचा अर्ज शेजारच्या खुर्चीवरच्या लंबूकडे आला. लंबूला असे अर्ज मोठ्याने वाचून दाखवायची खोड होती, तेवढीच हॉलमध्ये करमणूक. त्याने घसा खाकरला आणि शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून वाचायला लागला. "मी माणूस आहे. मी रात्री झोपतो. जहाज चालू ठेवून झोपतो. आवाज असला की झोप लागते. खेळात एक कमी आहे. जहाजाच्या भिंतीला तळहात लावता येत नाही. लावता आला असता तर आतली तब्येत हाताला कळली असती." लंबू थांबला. "काय गं चाळणी, हे बॉट लोक आता तब्येतीची चौकशी करायला लागले." दोघंतिघं हसले. तीही हसली असावी, कारण गालांना ताण जाणवत होता. "थांब, पुढे ऐक. माझ्या घरी मुलगी आहे. ती सांगेल मी माणूस आहे ते. पण तिला विचारू नये. ती दमून येते." लंबूने हात सोडले. "साक्षीदार आहे, पण विचारू नका. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हिशोबाबद्दल असंच बोलतात."

भिंतीला तळहात. बाबा इस्पितळाच्या बॉयलरवर होते. कपडे उकळायचे, औजारं वाफवायची, सगळ्या वॉर्डांना गरम पाणी द्यायचं, ते सगळं त्या एका लोखंडी पोटातून. क्वार्टर बॉयलरखोलीला लागूनच होती, दोन्हींच्या मधली भिंत कायम कोमट असायची आणि तिच्यातून एक आवाज यायचा, आवाज म्हणण्यापेक्षा हाडांना जाणवणारं काहीतरी. ती आणि भाऊ त्या भिंतीला पाठ लावून झोपत. ड्युटी नसताना बाबा जेवता जेवता मध्येच डावा हात भिंतीवर ठेवत, घास तसाच तोंडात, डोळे कुठेच नसलेले, आणि आई म्हणे, "काय म्हणते ती? तब्येत बरी आहे ना तिची?" आईला बॉयलरचा सवतीसारखा राग होता. पुढे आई गेली, क्वार्टर सुटली, नव्या फ्लॅटच्या भिंती चारही बाजूंनी थंड निघाल्या, आणि बाबा फ्रिजवर हात ठेवून उभे राहू लागले. जागल्या म्हणजे बाबा, हे तिला लंबूच्या तळहाताच्या वाक्यालाच कळलं होतं. कळल्यावर आधी काय वाटलं, हे ती पुढे पुष्कळदा आठवून बघे. तो आनंद नव्हता, शरमही नव्हती. पहिला विचार असा आला होता, की बाबांना हे लिहायला कुणी शिकवलं.

"नाकारून टाकू?" लंबूने विचारलं.

"राहू दे. शनिवारपर्यंत वेळ आहे ना."

"शनिवारी आपोआप पुसलं जाईल. खातं, त्यातला सगळा प्रवास, सगळंच. मग मी कशाला डोकं लावू?"

"राहू दे म्हटलं ना."

लंबूने खुर्ची फिरवून तिच्याकडे पाहिलं. "हे खातं तूच बंद केलंयस. तुला यात बोलता येत नाही, माहितीये ना?"

"मी कुठे बोलतेय," ती म्हणाली, आणि स्क्रीनकडे वळली. स्क्रीनवर कुणीतरी दुसऱ्या भागातल्या स्वयंपाक्याला शिव्या घातल्या होत्या. तिने ते मत चार वेळा वाचलं आणि तिला ते खरं की खोटं काही कळेना.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. गुडघ्यावर डबा ठेवून ती एकेक गोष्ट सुटी करत गेली. खेळाचं यंत्र भाऊ परदेशी जाताना ठेवून गेला होता, ते बाबांच्या खोलीत टीव्हीखाली होतं. बाबा त्यावर काहीतरी बघत बसतात हे तिला माहीत होतं. ती खोलीत गेली की ते आवाज बंद करत, आणि स्क्रीनवर नुसती अंधारी खिडकी नि ठिपके दिसत. "काय बघताय?" "काही नाही, असंच. आकाश आहे." तिला वाटे, म्हाताऱ्या माणसाला बरं असतं. पण आवाज का बंद करायचा? महिन्यापूर्वी बाबांनी नवी उशी आणली होती. तिला न सांगता, पेन्शनच्या तारखेच्या आधी. शेजारच्या बिऱ्हाडातल्या पोरीला त्यांनी वाढदिवसाला रंगांची पेटी दिली होती, चांगली मोठी. पैसे कुठून आले? कौतुक विकत घेणारे लोक अशाच माणसांना गाठतात, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं: घरी बसलेले, एकटे, हाताशी वेळ असलेले, कुणी आपल्याला विचारतंय याचंच अप्रूप वाटणारे. बाबा मोठेपणी, इस्पितळाच्या रात्रशाळेत लिहायला शिकले होते. एक वाक्य लिहून झालं की ते पूर्णविराम देऊन हात उचलत, जसं एक पायरी चढल्यावर थांबत. म्हणून वाक्यं एका मापाची. हे कारण पुरेसं होतं. आणि पुरेसं होतं म्हणूनच तिला ते पटत नव्हतं. आजवर तिच्यापुढे आलेल्या प्रत्येक खोट्या खात्याजवळ असं एक पुरेसं, हळवं कारण तयार होतं. पत्र्यावर बोटं वाजवत बसलेल्या कंडक्टरकडे तिने पाहिलं आणि तिला उगाचच वाटलं, की हाही तिचं मन वाचतोय.

त्या आठवड्यात ती घरात चोरासारखी वावरली. बाबा आंघोळीला गेले की त्यांची उशी दाबून पाही. कपाटातली त्यांची पासबुकाची पिशवी दोनदा हातात घेऊन परत ठेवली. तीही प्रामाणिकपणाने नव्हे, तर पिशवीची गाठ बाबांच्या खास पद्धतीची होती आणि तिला तशी बांधता आली नसती म्हणून. बाबांच्या खोलीतून रात्री जी घरघर येई, ती आता येत नव्हती. इतके दिवस ती घरघर तिने फ्रिजची समजून सोडून दिली होती. आवाज थांबल्यावर तिला तो ऐकू येऊ लागला. बाबा सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर येत, भिंत धरून. त्यांची छाती आधीच कमजोर होती, जिना चढताना ते प्रत्येक वळणावर बूट बघितल्यासारखं करून थांबत. "झोप नाही झाली?" ती विचारी. "झाली की. वय झालं, किती झोपायचं माणसाने." आणि ती चहात साखर ढवळत विचार करी: हे मला ऐकवण्यासाठी आहे का? अर्जात मुलगी कशाला आणली? मी कुठे काम करते हे त्यांना ठाऊक आहे. मी काय करते तेही मीच घरी येऊन सांगितलंय, चपला काढता काढता: खेळणारे रिकामटेकडे आणि लिहिणारे लबाड. म्हणजे त्यांनी ओळखलं असेल की बंद करणारी मीच. ओळखून, नाव न घेता, मलाच हा अर्ज केला असेल. की काही ओळखलं नसेल, आणि ते नुसतंच खरं लिहिलं असेल, ती दमून येते. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना.

शुक्रवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. बाबा खोलीत, बंद टीव्हीसमोर, हात मांडीवर ठेवून बसले होते. टीव्हीच्या काळ्या काचेत ते आणि दारातली ती, दोघंही दिसत होते.

"लवकरशी आलीस? बरं नाही का?"

"बाबा, तुम्ही नेटवर मतं लिहिता?"

बाबांनी मान वळवली नाही. काचेतल्या तिच्याकडेच पाहिलं. "लिहायचो. बंद केलं त्यांनी."

"मला सांगितलं नाहीत."

"तू म्हणतेस लिहिणारे लबाड असतात. मग कुठे सांगू? म्हटलं, आपण आपलं लिहावं, बाहेर कुणाला कळतंय."

"त्या चौथ्या भागाचं इतकं कौतुक कशाला पण? सगळं जग शिव्या घालतंय."

"घालू देत. त्यांना लढायला पाहिजे." बाबा जरा सावरून बसले, या विषयावर त्यांना कुणी विचारायची ते जणू वाट बघत होते. "ताई, त्यात काय आहे माहितीये का? कुणी मरत नाही. तुम्ही नीट लक्ष ठेवलं तर कुणी म्हणजे कुणी मरत नाही. आणि झोपलेल्यांना कधी कळतही नाही की कुणी जागं होतं. ज्याने बनवलंय ना, त्याचा बाप नाहीतर काका रात्रपाळीवर असणार. मी तसं लिहिलंसुद्धा. एका पोराने उत्तर दिलं, आजोबा, तुम्ही कंपनीचे जावई आहात का."

तिला हसू आलं नाही. ती जे विचारायला आली होती ते तोंडातून बाहेर पडलं, आणि पडताना तिला आपला आवाज मीटिंगमधल्यासारखा वाटला. "तुम्हाला कुणी पैसे देतं का? असं लिहायला?"

 खालून कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टूंटूं वाजत राहिली.

"हे तू विचारतेस, की तुझं ऑफिस?"

"मी."

"मग नाही." त्यांनी मांडीवरचा हात उचलला, पाहिला, परत ठेवला. "ऑफिसने विचारलं असतं तर हिशोब दाखवला असता. उशी दिवाकाकांकडून घेतली, हप्त्याने." इलेक्ट्रिशियन असलेल्या त्यांच्या जुन्या सोबत्याला सगळे दिवाकाका म्हणत, त्याच्या मुलाचं गाद्यांचं दुकान होतं. आपण उशी दाबून पाहतो हे त्यांना कसं कळलं, हे तिने विचारलं नाही.

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचंच होतं. काही वाईट नाही त्यात. बॉयलरवर काटा असतो, वाफेचा. तो दिवसभर एका जागी दिसला ना, तर नवशिका म्हणतो, वा, सगळं छान चाललंय. जुना माणूस काचेवर टिचकी मारतो. माझा काटा एकाच जागी होता. रात्रंदिवस. मारली कुणीतरी टिचकी." ते थांबले, दम घेतला. "फक्त काय, टिचकी मारतात. काच फोडत नाहीत."

तेव्हा सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, चार शब्दांचं. मीच बंद केलं, बाबा. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि बाबांच्या मानेमागच्या सुरकुत्या पाहत राहिली, आणि तिला वाटलं, की हे सगळं माहीत असून बोलतायत. आणि लगेच वाटलं, की आपण आता त्यांच्या क्षमेवरही शंका घेतोय. आणि या दोन्हींच्या मध्ये ते वाक्य विरून गेलं. "चहा टाकते," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये शाली खुर्च्यांवर येण्याआधीच ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. जागल्या हे खातं माझ्या वडिलांचं आहे, ते माणूस आहेत, मी चुकले, असं उभ्यानेच सांगितलं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "आठवडाभर माहीत होतं?" "हो." "आणि आज सांगतेस." मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मग आत्तापर्यंत घरचे, ओळखीचे असे किती जण सोडलेस, हे आता आम्ही कसं समजायचं?"  मॅडमच्या जागी ती असती तर तिनेही हेच विचारलं असतं, याच शब्दांत, याच मऊपणाने. 'सातवं बंदर' तिच्याकडून काढून घेतलं. तिने वर्षभरात बंद केलेली सगळी खाती मॅडमनी दुसऱ्यांना परत चाळायला दिली, आणि त्यांतली बरीचशी माणसांची निघाली, असं लंबूने नंतर खिडकीशी उभं राहून, तिच्याकडे न बघता सांगितलं. जागल्याचं खातं लंबूनेच उघडलं. चाळणी हे नाव कुणी बंद केलं नाही, पण ते आता हळू आवाजात आणि ती उठून गेल्यावर घेतलं जाऊ लागलं.

त्या संध्याकाळी बाबा दारातच उभे होते. "उघडलं बरं का. सगळे जिवंत आहेत. तिथेही डोकं ठिकाणावर असलेलं कुणीतरी बसतं म्हणायचं." ती चपला काढत होती, तिने मान वर केली नाही. ते तिच्याकडे बघतायत, हे तिला कळत होतं. कसे बघतायत, ते तिने पाहिलं नाही. त्यानंतर बाबा आवाज बंद करेनासे झाले. कधी कधी ती ऑफिसातून आल्यावर त्यांच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसे, ते जहाजातल्या वाटा दाखवत, इथे या माणसाला मी दुसऱ्या भागात उतरू दिलं नाही, म्हणून तो अजून आहे, आणि ती हूं हूं करी. दोघांनी त्या शुक्रवारचा विषय परत काढला नाही. ते जिथे होतं तिथे एखाद्या कपाटासारखं राहिलं, ज्याला वळसा घालून जायची पायांना सवय होते.

बाबा गेल्यावर भाऊ येऊन गेला, मावशी आणि तिचा घड्याळवाला येऊन गेले. त्यानेच धावपळ करून सगळं निभावलं, आणि भावजय फोनवर म्हणाली, हा इतका का राबतोय. सगळे गेल्यावर घरात तीच उरली आणि बाबांच्या खोलीतली घरघर. यंत्र चालूच होतं. तिने ते बंद केलं नाही. बंद केलं तर आतल्यांचं काय होतं हे तिला माहीत नव्हतं, आणि विचारायचं ज्यांना, ते नव्हते. ती रोज कामावर जाई, परत येई, भात टाकी, आणि ते जहाज तसंच उभं असे. एका सकाळी तिच्या स्क्रीनवर एक चौकशी आली. दुसऱ्या शहरातल्या कुणा नव्या तपासनिसाची, त्याला ती ओळखत नव्हती, तो तिला ओळखत नव्हता. जागल्या नावाच्या खात्यावर खेळ अखंड चालू आहे, खात्यापुढे नातेवाईक म्हणून तुमची नोंद आहे, तरी हा माणूस आहे का ते कळवावे. खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही, आणि त्याखाली शेरा लिहायला जागा. होय वर टिचकी मारली असती तर जहाज चालत राहिलं असतं, कुणी परत विचारलं नसतं. तिने हात मागे घेतला. त्या पोराने काही वाईट विचारलं नव्हतं. शाल खांद्यावर ओढून घेऊन तिने दोन्ही चौकोन मोकळे सोडले आणि शेऱ्याच्या जागी, एकेका वाक्यानंतर थांबत, लिहिलं: हे खातं बंद करावं. खातेदार माझे वडील होते. ते बारा नोव्हेंबरला, गुरुवारी दुपारी, घरी वारले.